माग थांबले तरी

तुम्हाला माहीत होतं.

‘आम्हाला काय कल्पना’ म्हणू नका. ‘ते तांत्रिक विभाग बघतो’ असंही म्हणू नका. तांत्रिक विभागाच्या दारावर पाटी तुमचीच आहे. इचलकरंजीच्या वृषाली मुसळेचा उजवा हात तिच्या आधी तुम्हाला कळला होता आणि तुम्ही मूग गिळून बसलात. कसा कळला ते तुम्ही सांगणार नाही, म्हणून ही गोष्ट सांगावी लागतेय.

वृषालीचं घर म्हणजे खाली माग आणि वर माणसं. खालच्या शेडमध्ये धाकट्या भावाचे, श्रीशैलचे, चार जुने यंत्रमाग, प्रत्येकाला त्यानं नाव दिलेलं. वरच्या पुढच्या खोलीत तिचं टेबल, त्यावर संगणक, चित्र काढायचा टॅबलेट आणि त्याचा पेन. खाली मागाचा धोटा पळायला लागला की वर पेल्यातल्या पाण्यावर वलयं उठायची, कपाटाच्या काचा किणकिणायच्या, बशीतला कप नाचायचा. पाहुणे दचकत. घरची माणसं बोलता बोलता कपावर तळवा ठेवत आणि बोलणं पुढे चालू.

या खडखडाटातच ती चित्रं हलवायला शिकली. पंचवीस वर्षं ॲनिमेशन हाच धंदा. नाचणारी बिस्किटं, हात धुणारी पोरं, कपाशीवरची बोंडअळी, सांगाल ते काढलं. पण स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. भोपू नावाचं रेडकू. पंचगंगेच्या पुरात आईपासून तुटलेलं, ढेबऱ्या पोटाचं, कुणाच्याही अंगणात घुसणारं. त्याच्यावरच्या चित्रपटाचा शेवट तेवढा राहिला होता. पूर ओसरतो, चिखलातून आईचा वास येतो आणि भोपू धावत सुटतो. तेवढंच. आधी वडिलांचं आजारपण आलं, मग पोटापाण्याची कामं आली, आणि भोपू वर्षानुवर्षं त्या चिखलात एक पाय उचलून उभा राहिला.

या वर्षी पुण्याच्या एका मुलांच्या वाहिनीतल्या मैत्रेयी देवस्थळीनं तो अपुरा चित्रपट कुठूनसा पाहिला आणि फोन केला. ‘पूर्ण करून द्या, आम्ही दाखवतो. फक्त रेष तीच पाहिजे.’

रेष तीच पाहिजे! म्हणायला काय जातं. वृषालीनं नव्या सॉफ्टवेअरमध्ये भोपूचा पाय काढून पाहिला. पाय अगदी बरोबर आला आणि अगदी मेलेला आला. प्लास्टिकचं रेडकू. कारण मधे तुमचं ‘सुहस्त’ होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेन टॅबलेटवर टेकला की तो आपण कुठे आहोत आणि किती दाबलेले आहोत हे संगणकाला सेकंदात शेकडो वेळा कळवतो. पूर्वी संगणक ते ठिपके जोडायचा आणि जी उमटेल ती रेष तुमची असायची. ‘सुहस्त’ आलं तेव्हापासून मधे एक थर बसला. हात आता कुठे जाणार याचा तो अंदाज बांधतो, डगमगलेला ठिपका सरळ करतो आणि पुढे पाठवतो. प्रत्येक माणसाचा हात तो वर्षानुवर्षं शिकत जातो. सह्या जुळाव्यात, फॉर्म वाचता यावेत, पोरांची अक्षरं सुधारावीत, एवढ्या साध्या कारणासाठी तुम्ही सरकारी हुकूम काढून तो प्रत्येक यंत्रात सक्तीचा केलात. बंद करायचं बटण ठेवलं नाहीत. लोक खूश झाले. डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा वाचता यायला लागली. त्या डॉक्टरांकडे आपण येऊच.

भोपूचं जुनं सॉफ्टवेअर ‘सुहस्त’च्या आधीचं. नव्या संगणकावर ते उघडेना. मग उरला एकच मार्ग, व्हर्च्युअल मशीन. म्हणजे संगणकाच्या पोटात आणखी एक संगणक, खोटा, पण स्वतःला खरा समजणारा. मोठ्या घरात ठेवलेला भाडेकरू म्हणा ना. त्याच्या खोलीत जुनी व्यवस्था, जुनी भांडी, जुनं सॉफ्टवेअर, सगळं नांदतं. त्याला वाटतं आपलंच घर.

वृषालीनं हा भाडेकरू आणून बसवला. जुनं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर भोपू एक पाय उचलून उभा. तिनं घाईनं पेन टेकवला तर टिंब उमटलं चार बोटं पलीकडे.

तिथून जे सुरू झालं त्याला काम म्हणत नाहीत, खस्ता म्हणतात. टिंब जागेवर आणावं तर दाब जायचा. हलकं टेकवा की पेन मोडेस्तोवर दाबा, रेष एकाच जाडीची, सुतळीसारखी. आतला संगणक पेनाला पेन मानेचना, उंदीरच, म्हणजे माउस, समजे. दाब आणावा तर पेन गोठायचा. संगणक बंद करा, चालू करा. जुना ड्रायव्हर काढा, त्याहून जुना घाला. कुणा परदेशी माणसानं कधीकाळी लिहून ठेवलेला उपाय करा आणि शेवटी वाचा, ‘माझ्याकडेही चालत नाही’. मग म्हणावं, लिहिलंस कशाला रे बाबा?

शेवटी तिनं तुमच्या मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडे बाई होती की यंत्र, कळायला मार्ग नव्हता.

“मॅडम, हे सॉफ्टवेअर मान्य यादीत नाही.”

“मान्य यादी घाला चुलीत. पेनाचा दाब आत का जात नाही ते सांगा.”

“आपण पेन सुहस्तशीच जोडलेला ठेवा, मॅडम. आपल्याला तर पाचव्या पातळीचं सहाय्य चालू आहे. ते सगळ्यांना मिळत नाही.”

“सहाय्य कुणी मागितलंय? मला दाब पाहिजे. दाब!”

“आणखी काही मदत करू शकते का?”

वृषालीनं फोन आपटला. रागाच्या भरात माणूस कामाचं वाक्य तेवढं ऐकत नाही.

उपाय तिला स्वतःलाच सुचला, जिना चढताना. पोस्टमन टपाल खाली श्रीशैलकडे देतो आणि तो वर आणून देतो, तेलकट बोटांचे ठसे उमटवून. इथंही तेच चाललं होतं. पेनाचं टपाल आधी मोठ्या संगणकाकडे जात होतं. तिथं ‘सुहस्त’ ते फोडून, सुधारून, दाब वगैरे गाळून भाडेकरूच्या हातात देत होतं. मग पोस्टमनलाच वर बोलवायचं! मोठ्या संगणकाला सांगायचं, ही जोडणी तुझी नाही, हात काढ. पेन सरळ आतल्याला दे.

तिनं ते केलं. संगणकानं लाल इशारे दिले, तिनं ते झटकले, आणि पेन टेकवला. टिंब जागेवर. दाबलं तर जाड, उचललं तर केसासारखं. ती खुर्चीत एकटीच “आलं, आलं!” म्हणून ओरडली आणि भोपूच्या पाठीची लांब रेष तिनं एका दमात ओढली.

रेषेला दात होते.

करवतीसारखे. बारीक, सारखे, एकामागून एक. रेष जायची तिथंच जात होती, वळायची तिथं वळत होती, पण सगळीभर दातेरी.

पुन्हा सुरू झाल्या खस्ता. केबल बदलली. पेनाचं टोक बदललं. भाडेकरूला जास्त मेमरी दिली. टॅबलेट शेजारच्या खोलीत नेला, मग स्वयंपाकघरात नेला. दात कायम. आणि स्वयंपाकघरात ओट्यावरचा कप किणकिण किणकिण करताना तिनं पाहिला.

ती तरातरा खाली उतरली.

“शैल्या, माग बंद कर.”

श्रीशैल तुटलेला धागा सांधत होता. कानाला हात लावून म्हणाला, “कुठला?”

“सगळे.”

“डोस्कं फिरलंय का अक्का? बीमवरचं सूत संपायला आलंय, माल उद्या जायचाय.”

“तुझ्या मागांनी माझी रेष खाल्ली.”

“पंचवीस वरीस खाल्ली न्हाई. आत्ताच भूक लागली व्हय मागास्नी?”

“आत्तापर्यंत सुहस्त मधे होतं. हादरे पुसत होतं. ते मी काढलं, आता तुझा प्रत्येक ठोका रेषेत येतोय. येऊन बघ.”

त्यानं येऊन बघितलं. त्याला पटलं. या गावात जे हलतं ते मागामुळे हलतं, यावर कुणाचं दुमत नसतं. जुना टायर कापून त्यानं टेबलाच्या पायांखाली तुकडे घातले, मागांखालीही घातले, टॅबलेटखाली जुनी गोधडी अंथरली. “आता तुझं रेडकू गादीवर बसलंय बघ,” म्हणाला. दात कायम. दर दिवशी नवा उपाय आणि दर दिवशी नवं भांडण. आणि एक दिवस वृषाली जिन्याच्या तोंडाशी उभी राहून नको ते बोलली.

“बाबांनी तुला माग दिले आणि मला काय दिलं? हा हादरा. जन्मभर तुझं कापड विणलं जावं म्हणून माझ्या चित्रांनी थरथरत बसायचं का?”

श्रीशैलनं तिच्याकडे एकवार पाहिलं. मुख्य खटक्याजवळ गेला आणि तो खाली ओढला.

एकेक करून माग थांबले.

असली शांतता त्या घरानं फार कमी वेळा ऐकली होती. वडील गेले तेव्हा, आई गेली तेव्हा. इचलकरंजीत भर कामाच्या दिवशी एखाद्या घरचे माग बंद पडले की गल्लीला एकच अर्थ कळतो. दोन मिनिटांत समोरची मालनकाकू डोक्यावर पदर घेत दारात.

“कोन गेलं गं वृषाली?”

“कुणी नाही काकू. मला रेष ओढायचीय.”

“आं?” मालनकाकूंनी गालावर बोट ठेवलं, आणि गेल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

वर आल्यावर वृषालीनं पेल्याकडे पाहिलं. पाणी आरशासारखं. काचा गप्प. श्रीशैल दाराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभा. “ओढ आता. आणि दात आले तर माफी मागायची माझ्या मागांची. चारीबी मागांची, नाव घेऊन.”

तिनं पेन उचलला आणि भोपूची पाठ ओढली.

दात होते.

“भाडेकरूच बोगस आहे,” ती म्हणाली. “या मशीनमध्येच खोट आहे. तू ओढ बघू.”

“मी? मला साधा गणपती काढता येत न्हाई.”

“ओढ रे!”

त्यानं पेन खुरप्यासारखा धरला आणि ओढली. रेष म्हणजे रेष नव्हतीच. बाजारातून पिऊन येणाऱ्या माणसाची चाल होती ती. इकडे गेली, तिकडे गेली, शेवटी कुठेतरी पडली. पण गुळगुळीत होती. एकही दात नव्हता.

दोघंही पडद्याकडे पाहत राहिली. एक रेष वाकडी आणि साफ. दुसरी तरबेज आणि करवतलेली. मग श्रीशैलची नजर पडद्यावरून खाली उतरली, टेबलावर विसावलेल्या तिच्या उजव्या हातावर. तिचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, अदृश्य धागा वळावा तशी. माग बंद होते. पाणी स्थिर होतं. तो हात तेवढा हलत होता.

“कधीपासून, अक्का?” त्यानं हळूच विचारलं.

“काय कधीपासून?” असं म्हणत तिनं डाव्या तळव्यानं उजवा हात झाकला. कप झाकावा तसा.

मिरजेच्या डॉक्टर नसरीन जमादारांनी तिच्यापुढे कोरा कागद आणि शाईचं साधं पेन ठेवलं. “गोगलगाईसारखं गोल गोल काढा.”

कागदावर तिनं कित्येक वर्षांत काही काढलं नव्हतं. गोल आत आत आक्रसत गेले, आणि त्यांनाही दात होते.

“कंपवात आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “नवा नाही. दोन-तीन वर्षं तरी झाली असावीत. घरी कुणाला जाणवलं नाही? चहाचा कप वगैरे?”

“आमच्या घरी कप हलतोच,” श्रीशैल म्हणाला आणि एकदम भिंतीकडे पाहायला लागला.

“आणि अक्षर? अक्षर बारीक होतं, आक्रसतं. पूर्वी आम्ही निम्मे रोगी अक्षरावरून लवकर धरायचो. बँकेत सही जुळली नाही म्हणून माणूस यायचा आणि आम्हाला सापडायचा. आता अक्षरावरून कुणी येतच नाही. सगळ्यांची अक्षरं मोत्यासारखी. येतात ती थेट पडून हाड मोडल्यावर.”

“औषध आहे ना?”

“आहे. गेली काही वर्षं चांगलं औषध आहे. पण ते मेंदूतल्या उरलेल्या पेशी वाचवतं, मेलेल्या उठवत नाही. तुम्ही तेव्हा आला असतात तर...” त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. “आज सुरू करू. जे उरलंय ते धरून ठेवू.”

परतताना शिरोळचा फाटा आला. मग वृषाली म्हणाली, “शैल्या, डाग पुसायचा तर आधी काय लागतं?”

“फडकं.”

“आधी डाग दिसावा लागतो.”

त्यानं गाडी बाजूला घेतली.

“सुहस्त माझी थरथर पुसत होतं. रोज, प्रत्येक रेषेतून. म्हणजे ती त्याला दिसत होती. किती आहे, कशी आहे, किती वाढली, सगळं मोजल्याशिवाय ते पुसताच येत नाही. त्या बाईनं मला सांगितलं होतं रे फोनवर. पाचवी पातळी, म्हणाली. सगळ्यांना मिळत नाही, म्हणाली. आणि मी दाब दाब म्हणून बोंबलत होते.”

तिनं तिथूनच मदतवाहिनीला फोन लावला. या वेळी ओरडली नाही. “माझी पाचवी पातळी कधी सुरू झाली?”

“क्षमा करा, मॅडम. पातळीचा तपशील वापरकर्त्याला देत नाही. आपला अनुभव बिघडू नये म्हणून.”

“अनुभव?”

“हो मॅडम. आणखी काही मदत—”

घरी आल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल तर ती मागच्या दाराने शेडमध्ये गेली आणि स्वतः खटका वर ढकलला. “चालू राहू देत. लोक मला मेलेली समजायला लागलेत.” माग दणाणले. मग भावाजवळ जाऊन, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, तिनं चारी मागांची माफी मागितली. नाव घेऊन. श्रीशैल हसला नाही. धागा सांधायला खाली वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

भोपू तिनं पूर्ण केला. ‘सुहस्त’मधून काढला असता तर झटक्यात झाला असता. तिनं भाडेकरूच्या खोलीतच काढला, दातांसकट. गोळीचा अंमल चढलेला असे तेवढ्या वेळात चार चित्रं, अंमल उतरला की पेन खाली. चिडचीड, रडारड, पुसापुशी. शेवटी रेडकू आईकडे धावलं. पाठवून दिल्यावर मैत्रेयीचा फोन आला.

“वृषालीताई, कमाल! ही थरथर! ओल्या, गारठलेल्या रेडकाची थरथर! मुद्दाम केलीत ना?”

“नाही. तो माझा आजार आहे. चित्रपट घ्यायचा तर घ्या, आजाराचं कौतुक नको.”

पलीकडे मैत्रेयी गडबडली, “सॉरी,” म्हणाली. चित्रपट घेतला. तो विषय संपला.

तुमचा मात्र संपला नव्हता. कोल्हापुरात तुम्ही सुनावणी ठेवलीत. ‘सुहस्त’च्या यशानंतर आता ‘सुवाणी’ आणि ‘सुपद’. फोनवरचा अडखळता आवाज सरळ करून पलीकडे पोचवायचा. बुटांच्या तळव्यांतून अडखळती चाल सावरायची. नागरिकांनी सूचना द्याव्यात. डॉक्टर जमादारांनी ते वाचून वृषालीला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, “अक्षराचं दार गेलं. आता आवाज आणि चाल, आम्हाला उरलेली दोन दारं तेवढी आहेत.”

वृषाली गेली. एका पिशवीत भाडेकरू बसवलेला लॅपटॉप, दुसऱ्या पिशवीत टॅबलेट, आणि दोन्ही पिशव्या श्रीशैलच्या खांद्यावर. मंचावर तुम्ही पाच जण, हिरवं कापड घातलेल्या लांब टेबलामागे. तिचं नाव पुकारलं. तिनं माइक घेतला नाही. सरळ वर चढून तुमच्या पाण्याच्या बाटल्या बाजूला सारल्या, टॅबलेट मांडला, लॅपटॉपची वायर मंचामागच्या मोठ्या पडद्याला जोडली, भाडेकरू उघडला. पडद्यावर कोरं पान.

“मॅडम, हे काय? प्रश्न लेखी द्या,” मधले साहेब म्हणाले.

“लेखी दिला तर तुमचं यंत्र त्याला सुंदर करून तुमच्यापुढे ठेवील. माझा प्रश्न कसा थरथरतो ते तुम्हाला दिसायला हवं.” तिनं पेन टेकवला आणि टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जावी तशी एक आडवी रेष ओढली. मागच्या मोठ्या पडद्यावर करवत उमटली.

“ही तुम्ही वर्षानुवर्षं रोज पाहिलीत. मला एकदाही दाखवली नाहीत. एक ओळ पुरे होती हो. ‘बाई, डॉक्टरला हात दाखवा.’ एवढंच.”

“तो वैद्यकीय डेटा नाही, तांत्रिक—”

“आता तुमची पाळी.” तिनं पेन उलटा करून पुढे धरला. “इथं सुहस्त नाही. या. प्रत्येकानं एक एक रेष.”

कुणी हात पुढे केला नाही. एकानं घड्याळ पाहिलं. एकीनं फाईल उघडली, मिटली. मधल्या साहेबांनी उजवा हात टेबलावरून उचलून हिरव्या कापडाखाली नेला आणि डावा वर ठेवला.

वृषालीनं ते पाहिलं. श्रीशैलनंही पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला, जवळच्या माणसाशी बोलावं तसा.

“साहेब, तुमची कितवी पातळी आहे, ते तुम्हाला तरी कुणी सांगितलंय का?”

साहेबांनी कापडाखालचा हात आणखी आत ओढला. पेन तिच्या हातात तसाच होता, पुढे धरलेला, थरथरत.

“विचारतेय मी. आमचे हात तुम्ही वाचलेत. मग आम्हाला का सांगितलं नाहीत? उत्तर द्या.”